मेंदूपर्यंत पोचतच नाही, मग डिप्रेशनवर चालेल कसं? वनस्पतींमधल्या पॉलिसॅकराइड्सची भानगड

फ्लुओक्सेटीन, म्हणजे प्रोझॅक या नावाने जगभर गाजलेलं डिप्रेशनचं औषध, त्याचा एक रेणू साधारण ३०९ डाल्टनचा असतो. डाल्टन म्हणजे रेणूंच्या जगातलं वजनाचं माप, हायड्रोजनचा एक अणू अंदाजे एक डाल्टन भरतो. आता वनस्पतीतून काढलेलं एखादं पॉलिसॅकराइड घ्या, ते दहा हजारांपासून पार दहा लाख डाल्टनपर्यंत कुठेही असू शकतं. आणि रक्तातून मेंदूत शिरायच्या वाटेवर जो पहारा आहे, ब्लड ब्रेन बॅरिअर, तो ४००-५०० डाल्टनच्या वरच्या रेणूंना सहसा आत सोडत नाही. म्हणजे हे अगडबंब प्रकरण मेंदूत जाणार नाही हे उघड आहे, मेंदूचं सोडा, आतड्यातून रक्तात जातानाच त्याची मारामार. आणि तरी गेली काही वर्षं पेपरवर पेपर येतायत की अमुक झाडाच्या मुळातलं पॉलिसॅकराइड दिलं आणि उंदरांमधली डिप्रेशनसारखी लक्षणं कमी झाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं यात काहीतरी गडबड आहे. गडबड थोडीफार आहेच, त्यावर पुढे येते, पण जे गडबड नाही तेच जास्त मजेशीर आहे.

आधी पॉलिसॅकराइड म्हणजे काय ते पटकन बघू. मराठीत बहुशर्करा म्हणतात आणि नावातच सगळं आलं, साखरेचे छोटे रेणू एकाला एक जोडून झालेली लांबलचक साखळी. स्टार्च हे पॉलिसॅकराइड, कागदातला सेल्युलोज पण पॉलिसॅकराइड, फळांमधलं पेक्टिन पण. गंमत अशी की स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही निव्वळ ग्लुकोजचे बनलेले, फरक फक्त जोडणीचा, एकात अल्फा जोड आणि दुसऱ्यात बीटा जोड. तेवढ्या फरकाने एक आपण आरामात पचवतो आणि दुसरं कितीही चावून खाल्लं तरी जसंच्या तसं बाहेर पडतं. ही जोडणीची गोष्ट लक्षात ठेवा, कारण औषधी वनस्पतींमधली जी पॉलिसॅकराइड्स आहेत त्यांच्यात एकटं ग्लुकोज नसतं, अरॅबिनोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, रॅम्नोज, गॅलॅक्टुरॉनिक अ‍ॅसिड असे पाच-सहा प्रकारचे मणी असतात, वर फांद्या फुटलेल्या असतात आणि कुठला मणी कुठे कसा जोडलाय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आता मुळात एवढ्या उठाठेवीची गरज काय? औषधं आहेतच की. तर आहेत, आणि अनेकांना उपयोगीही पडतात. त्यांची सुरुवात मात्र योगायोगाने झाली, १९५०च्या दशकात टीबीसाठी इप्रोनियाझिड नावाचं औषध देत होते, तेव्हा पेशंट अचानक उत्साही झालेले दिसले, त्यातून मग मेंदूतले निरोपे रेणू, सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन वगैरे, कमी पडतात म्हणून डिप्रेशन येतं ही थिअरी आली आणि पुढची कित्येक वर्षं औषधं त्याच रस्त्याने शोधली गेली. प्रोझॅकला अमेरिकेत १९८७ मधे मंजुरी मिळाली. पण अमेरिकेतच स्टार-डी नावाची मोठी स्टडी झाली, चार हजारांच्या आसपास पेशंट, २००६ मधे रिझल्ट आले, त्यात पहिल्या औषधाने पूर्ण बरं वाटलं असे जेमतेम एक तृतीयांश निघाले. बाकीच्यांना औषध बदला, दुसरं जोडा असं करत बसावं लागलं. शिवाय गोळी सुरू केल्यावर फरक जाणवायला काही आठवडे जातात, सेरोटोनिन तर काही तासांतच वाढलेलं असतं. म्हणजे फक्त सेरोटोनिन कमी-जास्त एवढीच गोष्ट असती तर इतके दिवस लागायला नको होते, हे लोकांच्या लक्षात यायला लागलं. आणि डब्ल्यूएचओच्या अंदाजाने जगात साधारण ३३ कोटी लोकांना डिप्रेशन आहे, त्यामुळे दुसरे रस्ते शोधणं भागच होतं.

एक दुसरा रस्ता सापडला तो इन्फ्लमेशनचा, म्हणजे शरीरात आतल्या आत धुमसत राहणारी सूज. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं द्यायचे, हे इम्युन सिस्टिमला चेतवणारं प्रोटीन आहे. ते घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना, साधारण दर तीन-चार माणसांत एकाला, चक्क डिप्रेशन यायचं, त्यात असेही लोक होते ज्यांना आधी कधीच असा त्रास नव्हता. निरोगी लोकांना प्रयोगात एंडोटॉक्सिन, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातला एक तुकडा, अगदी बारीक डोसमधे टोचला तरी काही तासांत मूड उतरतो. तापात पडल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही, काही खावंसं वाटत नाही, नुसतं पडून राहावंसं वाटतं, ते आठवा, तोच प्रकार. यामागची केमिस्ट्री पण बऱ्यापैकी कळलीये. सूज वाढली की आयडीओ नावाचं एन्झाइम जोरात येतं आणि ट्रिप्टोफॅन, ज्यापासून सेरोटोनिन बनायचं असतं, ते किन्युरेनिनच्या दुसऱ्याच लाइनवर वळवलं जातं, त्या लाइनच्या एका टोकाला क्विनोलिनिक अ‍ॅसिड बनतं जे मेंदूतल्या पेशींना त्रासदायक. म्हणजे कच्चा मालही पळवला आणि वर कचराही करून ठेवला.

मग ही सूज येते कुठून? कारणं पुष्कळ आहेत पण एक संशयित म्हणजे आतडं, आणि इथे आपलं पॉलिसॅकराइड स्टेजवर येतं.

माणसाच्या स्वतःच्या जीन्समधे अशा किचकट साखळ्या तोडणारी एन्झाइम्स फारच कमी आहेत, वीसच्या आतच. याउलट आपल्या मोठ्या आतड्यात राहणारा एक बॅक्टेरिया आहे, बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन (हे नाव एका दमात म्हणून दाखवा), त्या एकट्याकडे अशी दोनशेच्या वर एन्झाइम्स आहेत. म्हणजे न पचलेलं पॉलिसॅकराइड लहान आतड्यातून तसंच पुढे सरकतं, मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथे बॅक्टेरियांची पंगत बसते. ते हे आंबवतात आणि त्यातून तीन छोटी फॅटी अ‍ॅसिड्स बाहेर पडतात, अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. लाखभर डाल्टनचा रेणू आत गेला आणि शंभर डाल्टनच्याही खालचे तुकडे तयार झाले. सुरुवातीचं कोडं इथे अर्धं सुटतं, मेंदूपर्यंत पोचायची गरज त्या पॉलिसॅकराइडला नाहीच, ते कोणाला खायला घालतंय ते महत्त्वाचं.

यातलं ब्युटिरेट फार कामाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा यातूनच घेतात. त्या धडधाकट राहिल्या की एकमेकींना घट्ट चिकटून राहतात आणि आतड्यातला एंडोटॉक्सिन रक्तात झिरपत नाही. झिरपला तर इम्युन पेशींवरचा टीएलआर४ नावाचा रिसेप्टर तो ओळखतो, मग टीएनएफ, इंटरल्युकिन ६, इंटरल्युकिन १ बीटा अशी सूज भडकवणाऱ्या प्रोटीन्सची पलटण बाहेर पडते आणि वर सांगितलेलं सगळं सुरू होतं. (लीकी गट, म्हणजे गळकं आतडं, हा शब्द तुम्ही कधीतरी ऐकला असेल, सप्लिमेंट विकणाऱ्यांनी त्याचा पार चोथा करून टाकलाय, पण मूळ गोष्ट खोटी नाहीये.) शिवाय ब्युटिरेट पेशींच्या आत डीएनएची गुंडाळी सैल ठेवणारं काम करतं, हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज नावाच्या एन्झाइमला अडवून, आणि प्राण्यांमधे त्यामुळे मेंदूतलं बीडीएनएफ वाढलेलं दिसलंय. बीडीएनएफ म्हणजे न्यूरॉन्ससाठी खत-पाण्यासारखं प्रोटीन, लांबलेल्या स्ट्रेसमधे हिपोकॅम्पसमधलं (मेंदूतला आठवणी आणि भावनांशी जोडलेला भाग) बीडीएनएफ घटतं आणि अँटीडिप्रेसंट्सने परत वाढतं, म्हणून या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक पेपरमधे ते मोजलेलं असतंच.

अजून एक वाट आहे, व्हेगस नर्व्ह, पोटापासून थेट मेंदूपर्यंत गेलेली वायर. २०११ मधे आयर्लंडमधल्या कॉर्कच्या ग्रुपने उंदरांना एक लॅक्टोबॅसिलस दिला, उंदीर कमी घाबरट झाले, मग दुसऱ्या उंदरांमधे ही नर्व्ह कापून तोच बॅक्टेरिया दिला तर काहीच परिणाम नाही. त्याच्याही आधी २००४ मधे जपानमधे दिसलं होतं की पूर्ण जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांची स्ट्रेसला दिलेली हार्मोनची प्रतिक्रिया नेहमीपेक्षा भडक असते. आणि २०१६ मधे दोन वेगवेगळ्या ग्रुप्सनी डिप्रेशन असलेल्या माणसांची विष्ठा उंदीर-घुशींच्या आतड्यात घातली तर त्या प्राण्यांचं वागणंही तसंच व्हायला लागलं. ऐकायला किळसवाणं आहे पण प्रयोग म्हणून जबरदस्त.

एक गैरसमज इथेच मोडून टाकते. शरीरातलं ९० टक्क्यांच्या वर सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं, पण ते मेंदूत जात नाही, बॅरिअर त्यालाही अडवतो. त्यामुळे "आतडं खूश तर मेंदूला सेरोटोनिन" असं जे सरसकट फिरवतात ते चूक. मेंदू आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो, बाहेरून त्याला फक्त ट्रिप्टोफॅन लागतं, आणि आतड्याचा हात चालतो तो त्या ट्रिप्टोफॅनचं पुढे काय होतं यावर.

आता वनस्पती कोणत्या? सगळ्यात जास्त काम गोजी बेरीच्या पॉलिसॅकराइडवर आहे, मग जिनसेंग, अ‍ॅस्ट्रागॅलस, पॉलिगोनॅटम, आणि हो, भेंडीसुद्धा, तो बुळबुळीत चिकट भाग असतो ना, तोच. (मशरूमची पॉलिसॅकराइड्स पण यांच्याच पंक्तीत बसवतात, पण मशरूम ही वनस्पती नाही एवढं नोंदवून पुढे जाते.) यातला बराचसा रिसर्च चीनमधून येतो आणि त्याला कारण आहे, तिथल्या परंपरेत औषधं पाण्यात उकळून काढा करून देतात आणि उकळत्या पाण्यात नेमकी पॉलिसॅकराइड्सच भरपूर उतरतात. मजा म्हणजे केमिस्ट लोक औषधी रेणू शोधताना याच काढ्यात अल्कोहोल घालून खाली बसलेला चिकट गाळ फेकून द्यायचे, कारण त्यांना छोटे रेणू हवे असायचे. आता तोच गाळ गोळा करून त्याच्यावर पेपर लिहितायत.

उंदरांवर हे कसं तपासतात ते कळलं की रिझल्ट किती मनावर घ्यायचे ते आपोआप कळतं. एक पद्धत अशी की काही आठवडे उंदराला रोज वेगळा छळ, कधी पिंजरा तिरका, कधी अंथरूण ओलं, कधी रात्रभर लाइट, कधी पाणी बंद, काय होणार ते त्याला आधी कळूच द्यायचं नाही. मग त्याच्यापुढे साधं पाणी आणि साखरेचं पाणी ठेवायचं. धडधाकट उंदीर साखरेचं पाणी जास्त पितो, पिचलेल्याला फरकच पडत नाही, म्हणजे कशातच मजा वाटत नाही त्याची ही उंदरी आवृत्ती. ही टेस्ट मला त्यातल्या त्यात पटते. दुसरी १९७७ पासून चालत आलेली पोहण्याची टेस्ट, उंदराला पाण्याच्या भांड्यात सोडायचं आणि किती वेळ धडपडतो, किती वेळ नुसता तरंगतो ते मोजायचं, तरंगला म्हणजे हताश. पण तो हताश आहे की शहाणा? सुटका नाही हे कळल्यावर शक्ती वाचवत तरंगणं हा उलट हुशारीचा भाग असू शकतो, आणि तरतरी आणणारं कुठलंही उत्तेजक दिलं तरी उंदीर जास्त हातपाय मारतो, ते काही अँटीडिप्रेसंट नसतं. शिवाय या टेस्टमधे नेहमीची औषधं एक-दोन डोसमधे काम करतात, माणसाला आठवडे लागतात, म्हणजे नक्की मोजतोय काय आपण?

त्यापेक्षा मोठी अडचण मालाच्या शुद्धतेची आहे. छोटा रेणू असला की तो ३०९ डाल्टनचा म्हणजे ३०९चाच, कुठल्याही कारखान्यात बनवा. पॉलिसॅकराइड मात्र झाड कुठल्या मातीत वाढलं, कधी तोडलं, किती तापमानाला किती वेळ उकळलं यावर बदलतं, एका लॅबचं "गोजी पॉलिसॅकराइड" आणि दुसऱ्या लॅबचं यांच्यात नाव सोडून फारसं काही सारखं नसण्याची शक्यता असते. त्यात प्रोटीन आणि फिनॉल्स चिकटून येतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एंडोटॉक्सिन, तोच मघाचा, बॅक्टेरियाचा तुकडा. तोही स्वतः साखरेच्या साखळीवाला, शुद्ध करताना सोबतच राहतो आणि इम्युन पेशींना फार कमी प्रमाणातही चेतवतो. म्हणजे डिशमधल्या पेशींवर प्रयोग करून कोणी म्हणालं की आमच्या पॉलिसॅकराइडने इम्युनिटीवर परिणाम केला, तर पहिला प्रश्न विचारायचा, एंडोटॉक्सिन तपासला होता का? आणि दुसरा, तोंडाने दिलं की सुईने? पोटाच्या पोकळीत टोचलं असेल तर बॅक्टेरियांच्या पंगतीची आख्खी थिअरी बाजूलाच पडते, तिथे काहीतरी दुसरंच चाललेलं असणार.

बरं, माणसांमधे काय? इथे पुरावा एकदम पातळ होतो. गोजीवर एक छोटी ट्रायल आहे, २९ किशोरवयीन मुलं, पूर्ण डिप्रेशन नाही पण लक्षणं आहेत अशी, रोज ३०० मिलिग्रॅम सहा आठवडे, दुसऱ्या गटाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी पुडी. डिप्रेशनचा स्कोअर औषधाच्या गटात जास्त उतरला. चांगली बातमी आहे पण २९ मुलं, तेही अर्धवट टप्प्यावरचं विश्लेषण, आणि डिप्रेशनच्या ट्रायल्समधे प्लासिबोवाल्यांपैकीही ३५ ते ४० टक्के लोकांना बरं वाटतं, त्यामुळे इतक्या कमी लोकांत फरक दिसला तरी मी लगेच टाळ्या वाजवणार नाही. चुलतभावंडांचा पुरावा पण उलटसुलट आहे. ऑक्सफर्डमधे २०१५ साली ४५ निरोगी लोकांना तीन आठवडे दोन प्रकारची प्रीबायोटिक्स, म्हणजे आतड्यातल्या बॅक्टेरियांचा खाऊ, दिली, त्यातल्या दुधाच्या साखरेपासून बनवलेल्याने सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन, कमी झालं, वनस्पतीजन्य फ्रुक्टोजच्या साखळीवाल्याने नाही. नंतर २०१९ मधे ११० डिप्रेशनच्या पेशंट्सवर आठ आठवड्यांची ट्रायल आली, त्यात जिवंत बॅक्टेरिया दिलेल्या गटाला फायदा, नुसतं प्रीबायोटिक दिलेल्या गटाला प्लासिबोपेक्षा काही वेगळं नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१७च्या स्माइल्स ट्रायलचा दाखला पण सारखा दिला जातो, ६७ लोक, १२ आठवडे आहार सुधारला तर ३२ टक्के पूर्ण बरे, नुसत्या गप्पा-सोबतीच्या गटात ८ टक्के, पण तिथे आख्खा आहार बदलला होता आणि आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना माहीत होतं, एकट्या फायबरच्या खात्यात ते श्रेय टाकता येत नाही.

घाई केली की काय होतं त्याचं उदाहरण शेजारच्याच गल्लीत आहे. तपकिरी सागरी शैवालातल्या साखळ्या तोडून बनवलेलं जीव्ही-९७१ नावाचं औषध, आतड्यातले बॅक्टेरिया सुधारून अल्झायमर आटोक्यात आणतं या दाव्यावर २०१९ मधे चीनमधे सशर्त मंजूर झालं, जगभर बातम्या झाल्या, शास्त्रज्ञांनी शंका काढल्या, आणि २०२२ मधे त्याची आंतरराष्ट्रीय ट्रायल मधेच थांबवली गेली.

मधेच एक महत्त्वाचं, कारण हे वाचून कोणीतरी पावडर शोधायला जाणार याची मला खात्री आहे. चालू असलेली डिप्रेशनची गोळी यातल्या कशासाठीही स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम सोडली की चक्कर, झोपमोड, अंगात करंट लागल्यासारखं होणं असले त्रास होतात आणि आजार उलटतो ते वेगळंच. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर आज कोणालातरी सांगा आणि डॉक्टरला गाठा, तिथे काढा-पावडरचा विषयच नाही. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हेही खरं नाही, रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी गोजी घेतल्यावर रक्त जास्तच पातळ झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, पोटात जेल बनवणारे फायबर काही औषधांचं शोषण अडवू शकतात, आणि एकदम जास्त फायबर घेतलं तर बॅक्टेरियांच्या पंगतीचा गॅस कुठे जाणार, पोट फुगणारच.

तरीही मी हा विषय मोडीत काढत नाही, आणि त्याचं कारण एक वेगळंच औषध आहे. इन्फ्लिक्सिमॅब, सांधेदुखी आणि आतड्याच्या आजारात देतात ते टीएनएफला पकडणारं अँटीबॉडी, वजन जवळपास दीड लाख डाल्टन, म्हणजे हेही मेंदूत जाण्यातलं नाही. अमेरिकेतल्या एमरी युनिव्हर्सिटीत डिप्रेशनच्या ६० अशा पेशंट्सना, ज्यांच्यावर नेहमीच्या औषधांनी काम केलं नव्हतं, हे किंवा प्लासिबो सलाइनमधून दिलं, २०१३ मधे निकाल आला, एकूण फरक शून्य. पण रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज मोजायची साधी टेस्ट, ज्यांचं ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर होतं त्यांच्यात औषध प्लासिबोच्या पुढे जाताना दिसलं, आणि ज्यांचं कमी होतं त्यांच्यात उलट प्लासिबोवाले जास्त सुधारले. दोघं मिसळले की बेरीज शून्य. पॉलिसॅकराइडच्या ट्रायल्समधे आत्तापर्यंत सगळ्यांना एकाच मापाने मोजलंय, ज्याच्या शरीरात सूज आहे त्यालाही आणि नाही त्यालाही, ज्याच्या आतड्यात ती साखळी तोडणारा बॅक्टेरिया आहे त्यालाही आणि ज्याच्याकडे तो नाहीच त्यालाही. पुढची ट्रायल कोणी करणार असेल तर आधी पेशंट्सचं सीआरपी आणि विष्ठेतले बॅक्टेरिया तपासावेत, मगच गट पाडावेत आणि पुड्या वाटाव्यात, नाहीतर परत शंभर लोकांची सरासरी काढून "काही विशेष फरक नाही" एवढंच हातात येईल.